समुद्रातून फुकट ईमेल? जरा थांबा

‘सॅटेलाइटचं बिल विसरा. बोटीवर हॅम रेडिओ बसवा आणि समुद्रात कुठूनही, कधीही फुकट ईमेल करा. परवाना नको, कुणी बंद करू शकत नाही, आणि संकटात हाच वाचवतो.’ शिडाच्या बोटींचं वेड असलेल्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संदेशवहनाचा रेडिओ. तंत्र खरं आहे आणि मला ते मनापासून आवडतं. त्याची जाहिरात मात्र खोटी आहे.

‘फुकट’ हा शब्द विनलिंक या रेडिओवरच्या ईमेल सेवेपुरता खरा. हॅम मंडळी ही सेवा स्वयंसेवेनं चालवतात, वर्गणी नाही. पण रेडिओ, ट्यूनर, तांब्याच्या पट्ट्यांचं अर्थिंग आणि ईमेलचं रेडिओवर पाठवण्याजोग्या ध्वनीत रूपांतर करणारा पॅक्टर मोडेम विकत घ्यावा लागतो. नवा मोडेम एकटाच हजार डॉलरच्या पुढे जातो. व्हारा हे सॉफ्टवेअर तेच काम लॅपटॉपच्या साउंडकार्डवर बरंच स्वस्तात करतं, हे मान्य. पण हॅमच्या लहरींवर धंदा चालत नाही. चार्टरचं बुकिंग घेणारा ईमेल तिथून पाठवायचा नाही. त्यासाठी सेलमेल ही बोटमालकांची संस्था आहे; तिथे वार्षिक वर्गणी भरा आणि आठवड्याला सरासरी ९० मिनिटांच्या जोडणीत भागवा.

‘कुठूनही, कधीही’ वाचून तर हसूच येतं. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात. दिवसा खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी गिळून टाकतो, म्हणून दिवसा वरचे, म्हणजे जास्त वारंवारतेचे बँड आणि रात्री खालचे. गंमत अशी की तीन हजार किलोमीटरवरचं, ईमेल इंटरनेटवर पोचवणारं किनाऱ्यावरचं केंद्र खणखणीत लागतं आणि तीनशेवरचं लागतच नाही, कारण लहर त्याच्या डोक्यावरून उडी मारून जाते. मग बँड बदला, दुसरं केंद्र शोधा, नाहीतर संध्याकाळची वाट पाहा. जोडणी झाली तरी वेग जुन्या डायल-अप इंटरनेटपेक्षाही कमी. सेलडॉक्स या ईमेलवर हवामान पाठवणाऱ्या सेवेकडून मागवलेली काही केबीची हवामानाची ग्रिब फाइल मजेत येते. फोटो विसरा.

‘कुणी बंद करू शकत नाही’? सूर्य करतो. मोठी सौरज्वाला उसळली की पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे हे बँड काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत मुके होऊ शकतात. मे २०२४ मधल्या सौरवादळात हॅम मंडळींनी याचा पुरेपूर अनुभव घेतला.

रेडिओवरचा ईमेल म्हणजे बंद पाकिटातलं पत्र नव्हे, हे त्या फॉरवर्डमध्ये नाही. हॅमवर गुप्त सांकेतिक लिपी वापरायला मनाई आहे. घरच्यांशी भांडायचं असेल तर किनारा गाठा.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं. बहुतेक यॉटवर या रेडिओची अँटेना म्हणजे डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार, बॅकस्टे. डोलकाठी मोडली की अँटेनाही गेली, आणि नेमकी तेव्हाच मदत हवी असते. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नौकानयनपटू अभिलाष टोमींची बोट पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर वादळात सापडली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. त्यांचे संदेश बाहेर आले ते उपग्रहावरून मजकूर पाठवणाऱ्या छोट्या यंत्रानं. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. संकटासाठी ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब बीकन, म्हणजे उपग्रहाला धोक्याचा इशारा देणारं यंत्र, असतो. बोटीवरचा रेडिओ सागरी बँडवर डीएससी हाक, म्हणजे बटण दाबून आपोआप जाणारा संकटसंदेश, मारू शकतो, पण तशी सोय असलेला सेट लागतो, आणि ती हाक ईमेल नव्हे. ईमेल कुणीतरी उघडेपर्यंत पडून राहतो.

राहिला परवाना. मुंबई-गोव्याच्या लोकांना हा मुद्दा गोड वाटतो, कारण थुराया आणि इरिडियमचे सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे असलं यंत्र बॅगेत ठेवून अडकलेले आहेत. त्यावर ‘मग रेडिओ घ्या’ ही पळवाट नाही. बिनपरवाना वायरलेस सेट बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. हॅमसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी परवान्यांच्या शाखेची परीक्षा द्यावी लागते, बोटीच्या सागरी रेडिओचा परवाना वेगळा, आणि दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरलात की तिथले नियम पाळायचे. परीक्षा अवघड नाही. आधी ती द्या, मोडेम नंतर मागवा.