बोकड्यावर म्हणे एकच पंप

आमच्या नंदुरबारकडच्या मिरचीवाल्यांच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो: "पान वळलं म्हणजे बोकड्या आला. इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रीन आणि गंधक एकाच पंपात घ्या, आठ दिवसांत झाड सरळ. फरक नाही पडला तर डोस दुप्पट." बोकड्या म्हणजे मिरचीची पानं वळून आकसणं, आणि मेसेजातली पहिली दोन नावं कीटकनाशकांची. तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही गंडलेली.

बोकड्या म्हणून आपण जे ओळखतो त्यामागे तीन वेगळे गुन्हेगार असतात. फुलकिड्यांनी, म्हणजे थ्रिप्सनी, रस शोषला की पानाच्या कडा वर उचलतात, पान होडीसारखं होतं. कोळी, म्हणजे माइट नावाचा अगदी बारीक जीव, लागला की पान उलट खाली वळतं, उपड्या वाटीसारखं, आणि देठ लांबतो. पांढरी माशी विषाणू आणते तेव्हा पानं बारीक होऊन गुच्छ धरतात, झाड खुजं राहतं. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून बघा. तुसासारखं पिवळसर काही धावलं तर थ्रिप्स. कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कोवळ्या पानाची पाठ भिंगाखाली धरावी लागते. कधी कधी दोघंही एकाच शेंड्यावर सापडतात, तेही खरं.

आता तो पंप. कोळी हा कीटकच नाही, आठ पायांचा प्राणी आहे. इमिडाक्लोप्रिडनं त्याचं काही बिघडत नाही. सायपरमेथ्रीन तर त्याला खाणारे मित्रकीटक आधी संपवतं. मी स्वतः एका हंगामात हा प्रयोग करून बसलोय. थ्रिप्स चार दिवस दबले, पुढच्या आठवड्यात अख्ख्या प्लॉटचे शेंडे खाली माना घालून उभे. गंधक कोळीवर चालतं, एवढं मेसेजवाल्याला द्यायला हवं. पण कडक उन्हात मारलं, किंवा निंबोळी तेलाच्या फवाऱ्याला लागून मारलं, तर पानं करपतात.

आठ दिवसांत सरळ? वळलेलं पान पुन्हा उलगडत नाही. फरक बघायचा तो नव्या फुटीत. शिवाय थ्रिप्सची अंडी पानाच्या आत असतात, कोष बहुतेक मातीत. एका फवाऱ्यात दोन्ही वाचतात.

डोस दुप्पट करण्याचा सल्ला सगळ्यात वाईट. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिटामिप्रिड, थायामेथोक्झाम: बाटल्या तीन, पण औषधाचा रासायनिक गट एकच. दुकानदार बाटली बदलून देतो, गट तोच राहतो आणि कीड सरावते. 2021 साली आंध्र-तेलंगणात फुलांत दडणाऱ्या नव्या थ्रिप्सनी मिरची झोपवली, तेव्हा लोकांनी फवाऱ्यावर फवारे मारले होते. आणि दाट मिश्रण अंगावर उडतं त्याचं काय? 2017 ला यवतमाळमध्ये कपाशी फवारताना माणसं दगावली, ते विसरलो का?

विषाणूच्या झाडाला तर औषधच नाही. ते उपटायचं, आणि माशी रोपवाटिकेतच शिरू नये म्हणून वाफ्यावर बारीक जाळी टाकायची. त्या जाळीचा मेसेज मात्र मला अजून कुणी पाठवलेला नाही.