"नव्वद टक्के झालं" हे उत्तर मला नको

मंगळवारी रात्री साइटवरच्या आमच्या पोराचा फोन आला. दीड वर्षापूर्वी कॉलेजातून आलेला, मन लावून काम करणारा. विचारलं, किती झालं? "सर, नव्वद टक्के." मागच्या महिन्यातही नव्वदच होतं.

मी रागावलो नाही. हे उत्तर त्याला आम्हीच शिकवलंय.

बांधकामाच्या प्लॅनिंगमध्ये मला २२ वर्षं झाली, जवळपास सगळी नागपुरात आणि आजूबाजूला. कामं का रखडतात याचं माझं उत्तर आता पक्कं आहे: खरी बातमी वर पोहोचते तोवर उपाय करायची वेळ निघून गेलेली असते.

हिंगणा रोडकडे एका वसतिगृहाचं काम होतं. दर सोमवारी अहवाल जायचा, प्रगती ८० टक्के. हा आकडा निघालेल्या बिलांवरून काढलेला. गोदामात खोक्यात पडलेल्या टाइल्ससुद्धा त्यात 'झालेलं काम' म्हणून धरल्या होत्या. शेवटी मी एम.बी. (झालेल्या कामाची मोजमापं लिहायची वही) काखेत मारून एकेक मजला फिरलो. तिसऱ्या मजल्यावर प्लास्टर गुळगुळीत, अजून ओलं. हात फिरवत स्विचबोर्डची जागा शोधतोय, तर बोर्डाची खाचच नाही. भिंतीत वायरिंगचा पाइपच टाकलेला नव्हता! प्लास्टरचं बिल लवकर निघतं म्हणून इलेक्ट्रिकवाल्याच्या आधी गवंडी लावले होते. पुढचे १७ दिवस त्याच नव्या भिंती छिन्नी-हातोड्याने फोडत बसलो.

मुकादमाला विचारलं, तुम्हाला दिसलं नव्हतं का?

"दिसलं ना साहेब. पण सांगतलं असतं तं मीटिंगमधी माह्यावरच आलं असतं."

ते वाक्य मी विसरू शकत नाही, कारण त्याचं खरं होतं. त्याच्या आदल्याच पंधरवड्यात सळई उशिरा येणार असं सांगणाऱ्या माणसाला चारचौघांत झापलं गेलं होतं, आणि मी तिथे गप्प बसलो होतो. वाईट बातमी आणणाऱ्याला एकदा झापा, पुढचे सहा महिने सगळे अहवाल हिरवेगार येतील.

मोजायचं कसं, हे काही गूढ नाही. समजा १०० खोल्या, १०० दिवस, एका खोलीला १ लाख. चाळिसाव्या दिवशी ४० खोल्या व्हायला हव्यात. झाल्या ३०, आणि खर्च झाला ३६ लाख. नुसता खर्च बघणारा म्हणेल, ४० लाखांच्या जागी ३६ गेले, बचतच आहे. प्रत्यक्षात ३० लाखांच्या कामाला ३६ लाख लागलेत, आणि खर्चाचा हाच वेग राहिला तर काम १ कोटी २० लाखांवर जाईल. ठरलेलं, झालेलं आणि खर्चलेलं, हे तीन आकडे शेजारी मांडले की चाळिसाव्या दिवशीच कळतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या मोठ्या कंत्राटांना या मोजणीचे निकष लावले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून "पैसे किती गेले" यावरच प्रगती ठरते.

वेळीच न आवरलेलं काम कुठवर जातं हे विदर्भाला सांगायला नको. गोसीखुर्द धरणाचा पाया १९८८ मध्ये रचला गेला, तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. भूसंपादन, पुनर्वसन, कालवे, सगळं लांबत गेलं, खर्च हजारो कोटींत पोहोचला, आणि एक पिढी शेतात पाण्याची वाट बघत म्हातारी झाली. त्याच विदर्भात नागपूर मेट्रोचं काम २०१५ च्या मे अखेरीस सुरू झालं आणि ७ मार्च २०१९ ला खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली. तिथे नकाशाच्या तीन मितींना वेळ आणि खर्च जोडून संगणकावर काम बघण्याची पद्धत होती. दोन्ही कामांची जात वेगळी, बरोबरी करायची नाही. पण कोणता खांब मागे पडलाय हे त्याच आठवड्यात दिसणं आणि पाच वर्षांनी सुधारित अंदाजपत्रकात दिसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि मूळ वेळापत्रक पुसू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. दर महिन्याला तारखा 'सुधारून' घेतल्या की उशीर कागदावरून गायब होतो, साइटवर तसाच राहतो. त्यापेक्षा पहिलं वेळापत्रक करतानाच नागपूरचं वर्ष समोर ठेवा. मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी स्लॅब टाकता येत नाही, रात्रीच टाकावा लागतो, आणि क्युरिंगच्या, म्हणजे स्लॅब ओला ठेवायच्या पाण्याच्या, टँकरचा हिशेब आधी करावा लागतो. पाऊस लागला की मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची माणसं धानाच्या रोवणीला गावी जातात. दरवर्षी जातात. मग दर जुलैत "लेबर टंचाई" हे कारण कसं काय लिहितो आपण?

तर त्या पोराला म्हटलं, टक्के राहू दे, काय काय उरलंय आणि त्याला किती दिवस लागतील ते लिहून आण. काल रात्री त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. १४ बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, गच्चीचा कोबा, दोन मजल्यांच्या खिडक्या, ज्यांची ऑर्डरच गेलेली नाही. बेरीज ५३ दिवस. खाली लिहिलं होतं, "सर, हे आधी सांगायला हवं होतं."

बरं झालं सांगितलंस, असं मी लगेच कळवलं. गच्ची पावसाआधी उरकायची आहे. उद्या सकाळी ८ वाजता कंत्राटदार आणि खिडकीवाला, दोघांना साइटवर बोलावलंय.