लिंबू-टिंबूंचे तीन शनिवार

१३ सप्टेंबर २०२५. पेन स्टेट विद्यापीठाच्या बीव्हर स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचा चौथा, म्हणजे शेवटचा क्वार्टर सुरू व्हायच्या आत शेजारच्या आजोबांनी बाकावर घालायची उशी काखोटीला मारली आणि म्हणाले, "चल, पार्किंगमध्ये गर्दी व्हायच्या आधी निघू." पेन स्टेटनं त्या दिवशी व्हिलानोव्हाला ५२-६ असं धुतलं. त्याआधीच्या दोन शनिवारी नेवाडाला ४६-११ आणि फ्लोरिडा इंटरनॅशनलला ३४-०. बेरीज १३२ विरुद्ध १७. एवढं जिंकत असताना माणूस उशी उचलून निघतो कसा, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या या गावाची वस्ती चाळीसेक हजार, आणि स्टेडियममध्ये माणसं मावतात एक लाखावर. कॉलेजच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडणं मला नवीन नाही, पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात "अरे, आव्वाज कुणाचा" करून घरी आलं की दोन दिवस बोलता येत नसे. पण तिथे ओरडणारी पोरं विशीतली. इथे सत्तरीतली माणसं पांढरे कपडे घालून ओरडतात, आणि हरल्यावर सोमवारपर्यंत जेवत नाहीत.

आजोबांचा राग वेळापत्रकावर. बिग टेन कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातल्या नऊ मॅचेस ठरलेल्या असतात, उरलेल्या तीन विद्यापीठानं आपल्या मर्जीनं ठरवायच्या. पेन स्टेटनं त्या तिन्ही घरच्या मैदानावर आणि लिंबू-टिंबूंशी लावल्या. व्हिलानोव्हा तर खालच्या श्रेणीतली टीम. अशा टीमला यायचे पैसे मिळतात. मार खायचं मानधनच म्हणा ना. कधी हा सौदा अंगाशीही येतो: २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमनं अ‍ॅपलॅचियन स्टेटला १५ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि १७-१४ हरले.

हिशेब मात्र सरळ आहे. घरची एक मॅच म्हणजे लाखभर तिकिटं, पार्किंग, गावातली सगळी हॉटेलं फुल्ल. शिवाय देशाचा विजेता ठरवणाऱ्या बारा टीमच्या प्लेऑफमध्ये जागा हवी तर पराभव कमी हवेत. तगड्या टीमशी झुंजून हरण्यापेक्षा दुबळ्याला बडवलेलं परवडतं. मी त्या खुर्चीत असते तर मीही हेच केलं असतं, असं आजोबांना एकदा म्हणाले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग २७ सप्टेंबर उजाडला. पांढऱ्या कपड्यांतलं अख्खं स्टेडियम आणि समोर ओरेगन. दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ३०-२४ नं हरलो. पुढच्या शनिवारी चारही मॅचेस हरून बसलेल्या यूसीएलएनं ४२-३७ नं हरवलं, त्याच्या पुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्ननं घरी येऊन २२-२१ नं. मोसमाआधी एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत दुसऱ्या नंबरावर असलेली टीम! १२ ऑक्टोबरला हेड कोच जेम्स फ्रँकलिन यांना नारळ दिला. तेव्हा करारापोटी त्यांना सुमारे ५ कोटी डॉलर देणं लागत होतं. पुढे व्हर्जिनिया टेकनं त्यांना घेतलं म्हणून तडजोड ९० लाखांवर झाली.

त्याच सुमारास पुण्याहून मामाचे व्हॉट्सअ‍ॅप सुरू झाले. ऑक्टोबरात आपण वेस्ट इंडीजला अहमदाबादेत तीन दिवसांत डावानं हरवलं, मामा खूश. नोव्हेंबरात ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ धावा करायच्या होत्या, आपण ९३ वर आटोपलो. अशीच खेळपट्टी आम्ही मागितली होती, असं गौतम गंभीर यांनी सांगून टाकलं. मग गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो. मामा म्हणतो खेळपट्टीचा दोष नाही, पोरांना बॅटिंग येत नाही. मावसभाऊ म्हणतो बॅटिंग येत नाही कारण खेळपट्ट्या तशा. आदल्या वर्षी पुण्याजवळ गहुंज्यात न्यूझीलंडच्या सँटनरनं १३ बळी घेतले तेव्हाही त्या ग्रुपवर हेच भांडण झालं होतं, शब्दसुद्धा तेच.

मला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. वेळापत्रकामुळे पेन स्टेट हरलं नाही, आणि खेळपट्टीमुळे आपली टीम बिघडली नाही. पण सोप्या पेपरांमुळे अभ्यास कच्चा आहे हे वेळेवर कळलंच नाही. नेवाडाविरुद्ध जे झाकलं गेलं ते ओरेगनसमोर उघडं पडलं. फ्रँकलिन यांच्या आधीच्या अकरा मोसमांतही क्रमवारीतल्या पहिल्या दहा टीमविरुद्ध विजय चारच होते, पराभव वीस. आकडे सगळ्यांना पाठ होते, तरी ५२-६ च्या दिवशी कुणी ते काढत नव्हतं. मीही नाही.

इथल्यासारखी पटकन हकालपट्टी तिकडे व्हायला हवी, असं मावसभाऊ मला ऐकवत असतो. मला ते तितकंसं पटत नाही. कोच गेला, पण मॅचेस ठरवणारे, तिकिटं छापणारे आणि ती घेणारे आम्ही सगळे जागच्या जागीच आहोत. आमच्याकडे सीझन तिकिटं आहेतच की!

परवा आजोबांनी २०२६ च्या मर्जीतल्या तीन टीम वाचून दाखवल्या: मार्शल, टेम्पल, बफेलो. "टेम्पलला निदान आपण त्यांच्या घरी जातोय," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मागच्या डेकच्या कठड्यावर त्यांची ती उशी धुऊन वाळत घातली होती.