घोडे कुठे पेंड खाते

सासवडहून जेजुरीकडे जाताना आत वळल्यावर माझ्या दिवंगत काकांची चार एकर जमीन, दोन घरे आणि सहा घोड्यांची पागा लागते, आणि ती विकण्याचा उद्योग मी गेली दोन वर्षे करीत आहे. काका खंडोबाचे निस्सीम भक्त होते. देवाचे वाहन घोडा, तेव्हा भक्ताच्या दारी निदान अर्धा डझन तरी असावेत, असा त्यांचा हिशेब होता. त्यांच्यामागे पाच घोडे सोयऱ्याधायऱ्यांनी नेले; एक म्हातारी घोडी, तिची निगा राखणारा मोतद्दार आणि विजेचे थकलेले बिल एवढे माझ्या वाट्याला आले.

जाहिरात दिल्यावर दर रविवारी पुण्याहून मोटारी येऊ लागल्या. मंडळी घोडीशेजारी उभी राहून छायाचित्रे काढीत, सीताफळे पिशवीत भरीत आणि चहा संपल्यावर भाव विचारीत. मग मी विचारी, "आपण शेतकरी आहात ना?" १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही, हे ऐकताच घोड्यावर बसून आलेला माणूस पायउतार होई. कोणी नेटाने सातबारा मागितलाच, तर ज्या घरांचे आणि पागेचे मी इतके रसभरीत वर्णन केलेले असे, ती सारी वास्तू त्या कागदावर 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, या एका शब्दात आटोपलेली त्याला दिसे.

एका दांपत्याला येथे अश्वारोहणाची शाळा काढायची होती. एक घोडा दिवसाला तीसेक लिटर पाणी पितो, पंधरा-वीस किलो लीद टाकतो आणि दर सहा आठवड्यांनी नालबंदाला बोलवावे लागते, हे मोतद्दाराने त्यांना अभिमानाने सांगितले. एप्रिलात आमच्याकडे टँकर येतो, हेही त्यानेच सांगितले. तोवर त्यांच्या चिरंजीवांनी घोडीला बिस्किटांचे चार पुडे आणि डबाभर लाडू भरवले होते. घोड्याला ओकता येत नाही, ही माहिती मला त्या रात्री पोटशुळाने तळमळणाऱ्या घोडीला डॉक्टर येईपर्यंत, म्हणजे पहाटे तीनपर्यंत, अंगणात फिरवताना मिळाली.

अखेर मागच्या महिन्यात बारामतीकडचे एक खरेखुरे शेतकरी आले. त्यांनी स्वतःच्या जमिनीचा आठ-अ हा खातेउतारा दाखवला, फेरफार तपासले, इतर हक्कांत बोजा नाही हे दोनदा वाचले, विहिरीत दगड टाकून पाहिला आणि भावालाही होकार दिला. इसाराचे पैसे काढता काढता त्यांची नजर घोडीकडे गेली. जबडा उघडून त्यांनी दात पाहिले, मानेवरून हात फिरवला आणि तोंडाजवळ येताच ते थबकले. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता, आणि तो अशुभ मानतात.

"अहो, पण घोडी या व्यवहारात नाहीच," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

"घोडी न्याल हो तुम्ही," ते पैसे खिशात परत ठेवीत म्हणाले, "पण इतकी वर्षं ती या जागेत वावरली ना? दोष वास्तूला लागतो."

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली, तेव्हा मोतद्दार घोडीच्या तोंडाला तोबरा बांधत होता. मी वाकून पाहिले. आज चंदीबरोबर त्याने थोडी पेंडही घातली होती.