अरुंधतीच्या माहेरची चौकशी करू नये

तेलंगण-आंध्रात लग्नाला निघाला असाल तर काही पथ्यं सांगून ठेवतो. भटजी नवरानवरीला मांडवाबाहेर आणून आकाशाकडे बोट दाखवतील, ‘ती बघा अरुंधती’ म्हणतील. भर दुपार असली तरी तुम्हीही मान वर करून ‘दिसली, दिसली’ म्हणावं. फक्त तिचं माहेर विचारू नये. इथले मादिग, म्हणजे चामड्याचं काम करणारे दलित, सांगतात, ती आमची लेक, वसिष्ठाच्या घरी दिलेली. तमिळनाडूतल्या चामड्याचं काम करणाऱ्या जातीनं तर अरुंधतियार हेच नाव घेतलंय. जावई एवढा थोर, आणि सासुरवाडी मात्र वेशीबाहेर! तो त्यांचा घरगुती मामला समजावा.

दारात डप्पू, म्हणजे मादिगांची चामड्याची डफली, वाजत असेल. नाचा, व्हिडिओ काढा, ‘लोककला’ हा शब्द दोनदा तरी वापरा. कातडं कुणी कमावलं, कुणी मढवलं, विस्तवावर तापवून कुणी ताणलं, यात पडू नका. वाजवणाऱ्यांची पंगत कुठे बसली, तिकडेही बघू नका.

बतुकम्माचे, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाचे, दिवस असतील तर तंगेडूची पिवळी फुलं रचायला बसा. तंगेडू म्हणजे आपला तरवड, तेलंगणाचं राज्यपुष्प. याच झाडाच्या सालीच्या पाण्यात मादिगांच्या पिढ्यांनी कातडी मुरवली. फुलाला म्हणायचं संस्कृती, सालीला म्हणायचं वास. तेव्हा फुलापाशीच थांबावं.

एखादा डक्कली, म्हणजे मादिगांचा कथेकरी, चित्रांची गुंडाळी उलगडून जांबपुराण सांगू लागला, तर घड्याळ बघून उठावं. त्यात मादिगांचा मूळपुरुष जांबवंत पृथ्वीच्याही आधी जन्मतो. आपली वंशावळ तिथे कुठे मांडणार?

कुणी ‘अमुक मादिग’ अशी ओळख करून दिली तर हळहळावं, ‘आता कुठे राहिलीय हो जात!’ यजमानांच्या नावातलं रेड्डी किंवा शास्त्री हे अर्थातच नुसतं नाव. 1994 साली प्रकाशम जिल्ह्यातल्या ईदुमुडीत मंदा कृष्ण मादिग आणि सोबत्यांनी दंडोरा पिटला, अनुसूचित जातींच्या आरक्षणात आमचा वेगळा वाटा द्या म्हणून. 2000 साली कायदा झाला, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात पडला, आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी त्याच न्यायालयानं उपवर्गीकरणाला, म्हणजे अशा वेगळ्या वाट्याला, वाट मोकळी केली. तीस वर्षं. ‘घाई कसली होती यांना?’ असं विचारायला हरकत नाही.

बाकी चांभारचौकशा करू नयेत. (हा शब्द आपल्या मराठीचाच, तो खुशाल वापरावा, कुठून आला ते बघू नये.) आणि मांडवात शिरताना वहाणा सांभाळा, लग्नात फार चोरीला जातात. अस्सल चामड्याच्या असतील तर पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही.