बाबांच्या नावाआधीचं ‘लेट’

गेल्या महिन्यात बाबांच्या पेन्शनच्या कामासाठी आईला घेऊन कोथरूडहून गावात गेले होते. फॉर्म इंग्रजीत. बाबांचं नाव लिहिलं आणि त्याआधी ‘लेट’. आईनं चष्मा सारखा करून ती चार अक्षरं लावली आणि माझा हात धरला. “ह्यांच्या नावाआधी लेट कशाला गं? हे कधी कुठे उशिरा पोचले नाहीत.”

तिच्या लेखी लेट म्हणजे बस लेट, गाडी लेट. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण तिथे मला बोलताच येईना.

मराठीत ‘मोठं घर’ म्हणा नाहीतर ‘घर मोठं आहे’ म्हणा, मोठं ते मोठंच. ‘लेट’चं तसं नाही. ‘माय लेट फादर’ म्हणजे माझे दिवंगत वडील. ‘माय फादर इज लेट’ म्हणजे वडिलांना उशीर झालाय. रजेच्या अर्जात मुलं नेमकं हे दुसरं वाक्य लिहितात. ज्याचे वडील नुकतेच गेलेत, त्याच्या वाक्याखाली लाल रेघ मारताना हात उचलत नाही हो.

बरं, नामाआधी आला की मरणच, असंही नाही. ‘लेट लंच’ म्हणजे उशिराचं जेवण. पुढे माणसाचं नाव, नातं किंवा पद आलं की बहुधा अर्थ पालटतो, आणि तोही माणूस अलीकडे गेला असेल तरच. शेक्सपिअर १६१६ साली गेला, त्याला कुणी ‘लेट’ लावत नाही.

मूळ जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘संथ’ अशा अर्थाचा. ‘लास्ट’ हे त्याचंच ‘सर्वात’ अशा अर्थाचं जुनं रूप.

आपण म्हणतो, ‘मला उशीर झाला’. उशीर हे नाम, तो माझ्या वाट्याला येतो. इंग्रजीत माणूस स्वतःच ‘लेट’ असतो. मुलं अडखळतात ती इथे, आणि चूक त्यांची नाही, आम्हा शिक्षकांची आहे. आम्ही शब्दाचे दोन अर्थ पाठ करून घेतो, त्याची वाक्यातली जागा दाखवत नाही. ‘प्रेझेंट’चंही तेच: नामाआधी ‘सध्याचा’, क्रियापदानंतर ‘हजर’.

परतताना रिक्षात आईला सांगितलं, लेट म्हणजे आपलं कैलासवासी. कर्वे रस्ता संपेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “असू दे फॉर्मवर. फोटोखाली मात्र कै.च लिही.”