पुढच्या वर्षी बघू

परवा ऑफिसातल्या एका पंचविशीतल्या मुलाने विचारलं, "सर, म्युच्युअल फंडातली महिन्याची एसआयपी वाढवू की लडाखला जाऊन येऊ?" मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, उत्तर आता अण्णांच्या आवाजात बाहेर पडणार. म्हणून चहा पीत गप्प बसलो. तेव्हाचं इथे बोलून घेतो. पोस्ट लांबणार आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. माण तालुक्यातल्या दुष्काळी गावातून मुंबईला आले, सरकारी कचेरीत चिकटले, 2000 साली नियमाप्रमाणे 58व्या वर्षी निवृत्त झाले. 1987 मध्ये त्यांनी पीपीएफचं, म्हणजे लांब मुदतीच्या सरकारी बचतीचं, खातं उघडलं. तेव्हा व्याज 12 टक्के. सहा वर्षांत दुप्पट, हे ते पाढा म्हणावा तसं म्हणायचे. (आज 7.1 टक्के आहे, दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. हा विषय मी घरात काढत नाही.) शिवाय पोस्टाची आरडी, एलआयसीच्या दोन पॉलिसी आणि आईची चाळीतल्या बायकांबरोबरची भिशी. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं, आणि पाचवं ते भविष्य. सगळ्यात जास्त जागा त्यानेच अडवलेली.

2003 च्या मार्चअखेर पीपीएफची मुदत संपली. आईने कपाटातल्या कागदाखालून एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या 1998 सालचं, रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलाचा फोटो असलेलं. आईचं माहेर राजापूरकडचं. मुलगी असताना तिने तो सगळा प्रवास एसटीने, घाटाघाटात उलट्या करत केलेला. पुढे मामालोक मुंबईत आले, गावचं घर बंद झालं, जायला निमित्तच उरलं नाही. तिचं म्हणणं एवढंच, एकदा त्या पुलावरून जायचं.

अण्णा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आणि एच फॉर्म भरून खातं पाच वर्षांनी वाढवून आले. व्याज तोवर 8 टक्क्यांवर आलं होतं, तरीही. 2008 ला पुन्हा पाच वर्षं. कात्रण परत कागदाखाली.

अण्णांची टर उडवणं सोपं आहे. मी भरपूर उडवली आहे, त्यांच्याच पैशाने शिकून. पण 1972 च्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि भाऊ रोजगाराच्या कामावर खडी फोडत होते, मदतीच्या सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर दिवस काढत होते, आणि इथून अण्णांची मनिऑर्डर गेली की तिकडे चूल पेटत होती. ज्याने हे पाहिलंय त्याला "आजचा दिवस मजेत घालवा" हे वाक्य ऐकूच येत नाही. आणि 2020 मध्ये माझा पगार पाच महिने निम्मा झाला, घराचा हप्ता मात्र पूर्णच होता, तेव्हा अण्णांनी एक एफडी मोडली आणि पावती माझ्यासमोर ठेवली. भाषण नाही, टोमणा नाही. म्हणून ते "आत्ता जगून घ्या"वाले रील बघताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, तुझ्यामागे कोणाची एफडी आहे बाबा? हप्त्यांवर बँकॉक करून येणाऱ्यांबद्दल तर बोलतच नाही. ऋण काढून सण, फक्त आता मोबाइलवर दोन मिनिटांत मंजूर होतो.

तर माझं भांडण बचतीशी नाही. तिला तारीख नसते, याच्याशी आहे.

माझी आजी, म्हणजे अण्णांची आई, बाजरीचं बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. घरात भाकरीची ओढाताण असली तरी त्या मडक्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. पण मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, की मडकं रिकामं. जुनं बी नीट उगवत नाही, हे तिला कुठल्या सल्लागाराने सांगितलं नव्हतं. अण्णांनी तिच्याकडून मडकं भरणं तेवढं उचललं.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. 58 वर्षं जो माणूस स्वतःला "नको" म्हणतो, त्याला 59व्या वर्षी "घे" म्हणता येत नाही. पैसे असतात, हात पुढे होत नाही. आम्ही त्यांच्या खोलीत एसी बसवून दिला. तो पाहुणे आले की लागतो. निवृत्तीनंतर सगळं करू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खर्च करायचीही सवय असावी लागते, आणि सवय मोडते.

त्या मुलाला आता सांगेन, एसआयपी चालू ठेव. पण लडाखचा महिना आजच ठरव आणि घरात सांगून टाक, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

आम्ही गेलो 2018 मध्ये. दादर-मडगाव जनशताब्दीला वर्षभरापूर्वी काचेच्या छपराचा डबा लागला होता, त्याची तिकिटं काढली. भाड्याच्या बाबतीत अण्णांशी सरळ खोटं बोललो. ते 76 चे, आईचे गुडघे गेलेले. ठाण्याला तिला डब्यात चढवायला मी, बायको आणि एक अनोळखी पोरगा लागलो. नशीब, आतल्या खुर्च्या फिरतात, उठून बघायची गरज नव्हती. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तो संपेपर्यंत अण्णा मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून बसले होते. रत्नागिरी गेलं. मी आईची खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि आला पूल. 64 मीटर खाली हिरवंगार, झाडांचे नुसते शेंडे. वीस-पंचवीस सेकंद. पूल संपला.

"झालं?" आई म्हणाली.

मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. बायकोने डब्यातल्या वड्या काढल्या. अण्णा काचेतून वर बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "येताना लागेल ना परत? तेव्हा डावीकडे बसू आपण. परतीचं ह्याच डब्याचं काढलंयस ना?"

परतीचं मी साध्या डब्याचं काढलं होतं. एकदा बघून झाल्यावर तेवढे पैसे पुन्हा कशाला, असा हिशेब केला होता.